सालिमभाईंचं उत्तर

शिलाई मशीनला तेल घातलं की त्या वासाने ओमानच्या सलालाह शहरातलं सालिमभाईंचं घर आठवतं. नवऱ्याच्या या सहकाऱ्याने आम्हाला जेवायला बोलावलं होतं. भिंतीवर नुकतंच तेल दिलेली रायफल होती. ती बघून नवरा रंगात आला.

"रानडुकराला पॉइंट टू टूची गोळी पुरत नाही, थ्री नॉट थ्रीच हवी. घरात चोर शिरला तर नाइन एमएम, एका गोळीत खलास! तुमचा काय अनुभव?"

सालिमभाईंनी बाही सारून दंडावरचा व्रण दाखवला. "लहानपणी इथल्या लढाईत गोळी लागली. कुठल्या बंदुकीची ते माहीत नाही. मी आईच्या पाठीमागे लपलो होतो. तिच्यातून आरपार आली."

मग त्यांनी आम्हाला मटण वाढलं. आम्ही मान खाली घालून जेवलो.

तेव्हा वाटलं, त्यांनी आम्हाला सुनावलं. आता वाटतं, पाहुण्याने विचारलं म्हणून त्यांनी सरळ सांगितलं, आणि त्याचीच जास्त लाज वाटते.