तळ्यावरची हिरवी साय

लग्नानंतर मी बीडजवळच्या एका खेड्यात राहायला आले. माझे पती निजाम सरकारच्या आबपाशी, म्हणजे पाटबंधारे खात्यात होते आणि तिथल्या तळ्याची देखभाल त्यांच्याकडं होती. पाळ खचली तर भरायची, मोरी तुंबली तर उपसायची, एवढंच खरं तर त्यांचं काम. पण हैदराबादेत शिकताना पाहिलेली एक गोष्ट त्यांनी इथं आपणहून सुरू केली. माझ्या आहेरातल्या पांढऱ्या चिनी बशीला त्यांनी दोरी बांधली, खाली दगड अडकवला. तराफ्यावर बसून ते ती पाण्यात सोडत आणि दिसेनाशी झाली की दोरी किती गेली ते बघत. पाणी जितकं गढूळ किंवा हिरवं, तितकी बशी लवकर हरवायची. बायका हसायच्या. मलाही लाज वाटायची.

उन्हाळ्यात पाणी आटलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक काकड्या, खरबुजं लावत. शेणखताचे ढीग काठालाच असत. नारायणगडच्या जत्रेहून परतणाऱ्या गाड्यांचे बैलही तिथंच बसायचे. "सगळं शेण पाण्यात उतरतंय, त्यावर हिरवं शेवाळ पोसतंय," हे म्हणायचे.

एका उन्हाळ्यात बशी हातभर खाली गेली की दिसेना, मग वीतभर गेली तरी दिसेना. जेवताना हे मला म्हणाले, "ऊन असंच राहिलं आणि वारा पडला, की हिरवं वर येणार. मग वारा ते ज्या काठाला ढकलील, तिथलं पाणी विष समज."

ते चावडीवर जाऊन हेच सांगून आले. पाटलांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सायेब, तुमचं खरं हाय. पर आडात निस्ता चिखल उरलाय. जनावरं पाजू कुठं?"

वारा मावळतीकडून येत होता, म्हणून मावळतीच्या काठाला पाजा, एवढंच ते म्हणाले. तो काठ खडकाळ, वाट लांबची. तरी लोकांनी ऐकलं.

थोड्याच दिवसांत तळ्यावर हिरवी साय धरली. उगवतीच्या काठाला ती रंग ओतल्यासारखी दाट दिसायची. मावळतीचं पाणी त्या मानानं बरं होतं. हे रोज पहाटे जाऊन बघून यायचे आणि थोडे हलके होऊन घरी यायचे.

मग एका सकाळी वारा फिरला. हे तळ्यावर पोचेपर्यंत गुरं पाण्यात शिरली होती. पाळीवरून त्यांचं ओरडणं मला घरापर्यंत ऐकू आलं. मी धावत गेले. आमच्याकडं दळायला येणाऱ्या बाईची गाय गुडघ्यावर बसली होती, तोंडातून फेस गळत होता. नुकतीच व्यालेली गाय. आम्ही तिला ताक पाजलं, कडुलिंबाचा पाला वाटून पाजला. हे तिची मान मांडीवर घेऊन बसले होते. दुपारपर्यंत गाय गेली. आणखीही काही जनावरं गेली.

बाई रडली नाही. यांच्याकडं बघून म्हणाली, "तुमीच सांगितलंतं ना, मावळतीला न्या म्हून?"

बोलण्यात राग नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"वाऱ्याचं मला सांगता येत नाही, बाई," हे म्हणाले.

त्या दिवशी यांनी अन्नाला हात लावला नाही. मीही वाढायचा आग्रह केला नाही.

यांनी कळवलं होतं म्हणून यांच्या वरचे साहेब टांग्यातून आले. तोवर मासे पोट वर करून तरंगत होते आणि घाण सुटली होती. नाकाला रुमाल लावून ते पाळीवर थोडा वेळ उभे राहिले. "खत काठावर टाकायची बंदी करा, गुरांसाठी दुसरीकडं पाण्याची सोय करा," यांनी विनवलं. साहेब म्हणाले, "नजर रखो," आणि टांग्यात बसले.

नजर तर हे ठेवतच होते.

बाईच्या वासराला आमच्या शेळीचं दूध घातलं, ते जगलं. पाऊस झाल्यावर पाणी निवळलं आणि लोकांनी खत पुन्हा काठालाच टाकलं, कारण गाळातल्या खरबुजांवरच कित्येकांचे उन्हाळे निघायचे. आम्ही त्या गावात आणखी दोन उन्हाळे काढले. दोन्ही वेळा यांनी आधी सांगितलं, दोन्ही वेळा पाटलांनी मान डोलावली. गुरं मेली. दुसऱ्या साली थोडी कमी.