भावोजींची दुर्बीण आणि आईचा शनी

आमच्या भावोजींइतका चोखंदळ माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात झाला नसेल. माझ्या बहिणीला त्यांनी पहिल्याच भेटीत पसंत केलं, तो त्यांच्या आयुष्यातला एकमेव झटपट निर्णय. त्यानंतर साधा टोमॅटोही उजेडाकडे धरल्याशिवाय त्यांनी पिशवीत टाकला नाही. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट करणाऱ्या या माणसाला आकाशाचे फोटो काढायचा नाद लागला, आणि दुर्बीण निवडता निवडता त्यांची मुलगी शाळेतून कॉलेजात गेली. आरशाची नको, भिंगाचीच हवी, इथवर लवकर ठरलं. घोडं अडलं ते दोन भिंगांची की तीन भिंगांची, यावर. दोनवाली हलकी, पण तेजस्वी ताऱ्याभोवती जांभळी कड सोडते. तीनवाली रंग चोख दाखवते, पण जड, तिला स्टँडही दणकट लागतं. माझ्या साखरपुड्यात भर पंगतीत त्यांनी भटजींना विचारलं, "तुमचं काय मत, दोन का तीन?" भटजींनी मुकाट्याने तीन जिलब्या वाढून घेतल्या.

पुढे आईच्या डोळ्यांचा पडदा झिजत चालल्याचं पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यावर इलाज नव्हता. भावोजी भेटायला हमरापूरला आमच्या घरी आले, तेव्हा आई म्हणाली, "जावईबापू, साडेसातीत ज्यानं मला एवढं पिडलं, तो शनी एकदा बघायचाय. पण तुमची दुर्बीण येईल तवर माझे डोळे ऱ्हायचे नाय."

भावोजी चहा तसाच ठेवून उठले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन भिंगांची दुर्बीण मागवली.

"आणि ती जांभळी कड?" मी फोनवर विचारलं.

"असूं दे. तीनवालीला थांबायला लागंल. ही तयार हाय."

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी ते दुर्बीण गोधडीत गुंडाळून, लेकरासारखी मांडीवर घेऊन आले. आमच्या गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्याच्या गच्चीवर ती उभी राहिली. आईने डोळा लावला.

"दिसला का गो आई?" बहिणीने विचारलं.

"व्हय. गो, केवढासा हाय! कडं घातलेलं तान्हं पोर जसं. आणि ह्याला भिऊन मी दर शनवारी तेल घालीत होते?"

भावोजींनी पहिल्या फोटोसाठी कॅमेरा आणला होता. शनी सरकला की ते दुर्बीण हलकेच फिरवून आईला तो पुन्हा दाखवायचे. आई म्हणायची, "अजून थोडा." शेवटी शनी नारळांच्या आड गेला. कॅमेरा पिशवीतून बाहेरच आला नाही.

वर्षभरात आई माणसं आवाजावरून ओळखू लागली. भावोजींनी नंतर खूप फोटो काढले, सुरेख काढले. दर खेपेला ते तिच्याजवळ बसून एकेक फोटो सांगायचे: इथं तांबूस धूर हाय, इथं निळा तारा, ह्या कोपऱ्यात काय नाय, नुसता काळोख. आई मान डोलवायची.

आता आई नाही. भावोजी अजूनही येतात, मोबाईल माझ्यापुढे धरतात, आणि मी बघत असतानाही फोटो सांगतच राहतात. मी त्यांना थांबवत नाही.