लोंबता दोरा

मास्तरांचा कुणावर काडीचा विश्वास नव्हता. कापड आणायला गेले की मोजायची पट्टी स्वतःची नेणार, आणि बायकोने चहात साखर घातली म्हटलं तरी चमचा फिरवून बघणार. शिंपीकामात मात्र हात असा, की त्यांच्या टेबलावरून लोंबता दोरा ठेवून एकही कपडा बाहेर गेला नाही.

अशा माणसाला दुखणं जडलं, तेही कुठे, तर नको तिथे! अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, असं म्हणतात. मास्तरांना मुलगीच नव्हती, तेव्हा जावयाचा प्रश्न मिटला होता. पण म्हणून ते घरच्या कुणाला दाखवतील, असं समजू नका. शौचाच्या जागेशेजारी एक बारीक तोंड, त्यातून सतत पू, आणि मशीनवर बसलं की जीव जाईल असा ठणका. एका डॉक्टरने मूळव्याध म्हणून कापलं, दुसऱ्याने साधं भगंदर म्हणून कापलं. दोन्ही वेळा ते परत उगवलं. बायकोला सांगितलं, "पोटाचं आहे." फडकी स्वतः धुवायची, अंथरूण वेगळं टाकायचं, आणि ती "बघू तरी" म्हणाली की खेकसायचं, "तुला काय कळतंय त्यातलं?" खरं सांगायचं तर भीती वाटत होती. हिने एकदा बघितलं की हिला किळस येणार, मग ही ताटसुद्धा लांबून सरकवणार.

शेवटी मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, "मूळ दुखणं आतड्यात आहे, मास्तर. क्रोन म्हणतात त्याला. शरीर स्वतःच्याच आतड्याशी भांडतंय, आणि त्या भांडणातून ही वाट बाहेर फुटली आहे. आतलं शांत करायला सलाईनमधून औषध देऊ. पण आणखी एकदा तिथला स्नायू कापला गेला, तर शौचावरचा ताबा कायमचा जाईल."

म्हणजे दुकान बंद. गिऱ्हाईकाचं माप घेताना कपडे खराब करणाऱ्या शिंप्याकडे कोण येणार?

बाईंनी कापलं नाही. भूल देऊन त्या वाटेतून एक दोरा ओवला, बाहेर सैलसर गाठ मारली आणि घरी पाठवलं. "दोरा राहू द्या," एवढं सांगितलेलं मास्तरांनी ऐकलं, पण भूल पुरती उतरली नव्हती, आणि तसंही डॉक्टरांचं ऐकून दोनदा हात पोळलेच होते.

घरी मोरीत कडी लावून त्यांनी आरसा धरला, आणि मनात शंकेची पाल चुकचुकली. दोरा चक्क लोंबतोय! गाठही ढिली! बाईंनी काम कुणा शिकाऊ पोरीवर सोपवलं असणार, आणि ती टोकं कापायला विसरली असणार. आता झाकायला म्हणून "राहू द्या" म्हणतात! बायकोला हाक मारायचं मनातही आलं नाही. बारीक कात्री घेतली, कच्च. दोरा हातात आला.

पू थांबला. मास्तर खूश! "बघितलंस? या लोकांवर डोळे मिटून भरवसा ठेवायचा नाही," असं बायकोला ऐकवूनही झालं. मग ताप चढला, गळू टरारून फुगलं, आणि हुडहुडी भरलेल्या मास्तरांना तिनेच गाडीत घालून इस्पितळात नेलं.

बाईंनी गळू फोडलं, पुन्हा दोरा ओवला. मास्तर शुद्धीवर आल्यावर विचारलं, "कापलात का?"

"लोंबत होता," मास्तर पुटपुटले.

"अहो, तो लोंबायलाच ठेवला होता! तोंड मिटलं की पू आत साठतो. दोऱ्यामुळे वाट उघडी राहते. तुम्ही मापापुरती कच्ची शिलाई घालता, ती गिऱ्हाईक उसवतं की तुम्ही? औषधाने आत थंड झालं की मीच काढीन. नशीब, स्नायू वाचला. आता रोज कुणीतरी बघून पुसायला हवं. आरशात नाही, माणसाने. घरी कोण आहे?"

"मी आहे," दारातून बायको म्हणाली.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी ती कोमट पाणी घेऊन आली. मास्तर पालथे झाले, उशीत तोंड खुपसलं आणि तिच्या "शी!"ची वाट बघत बसले. तिने हलक्या हाताने पुसलं, वाकून बघितलं.

"एवढंच?" ती म्हणाली. "एवढंच होतं?" आणि फडकं हातात तसंच धरून मटकन खाली बसली, हुंदके द्यायला लागली.

"अगं, काय झालं?"

"मला वाटलं, बाहेर कुणीतरी आहे तुमचं."

मास्तर तशाही अवस्थेत मान वळवून ओरडले, "माझ्यावर संशय घेतेस?"

"मग काय करू? वर्षानुवर्षं पाठ फिरवून वेगळे झोपलात. माझीच किळस येते तुम्हाला, असं धरून चालले होते मी."

पालथ्या पालथ्याच मास्तरांनी मागे हात नेला आणि तिचा ओला हात सापडेपर्यंत चाचपडत राहिले.