कोयत्याचं टोक

गोव्याचं राज्य झालं त्या सुमाराला डिचोलीच्या खाणीच्या वर्कशॉपात एक मालवणी माणूस आला. बुलडोझरच्या पात्याचं लोखंड किती कडक आहे ते बघणं हे त्याचं काम. यंत्रातली हिऱ्याची टोचणी लोखंडावर दाबायची आणि उठलेला ठिपका भिंगातून मोजायचा, झालं. त्याआधी रुमालाने जागा पुसायचा आणि पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालावी तशी फुंकर घालायचा.

मला तो मेला बघवत नसे. तीस वर्षं मी आमच्या भट्टीवर कोयत्यांना पाणी देत होते. तापलेलं पातं कधी बुडवायचं ते रंगावरून ओळखायचे. आणि आता मुळगावची गिऱ्हाइकं म्हणायची, “माई, कोयतो बरो आसा, पूण ताका दाखोवन हाडटां.” माझं पातं त्याच्याकडून तपासून आणायचं!

एकदा गिऱ्हाइकाबरोबर मीही गेले. त्याने धारेवर दाबलं, पोटावर दाबलं, मग टोकावर. तिथे भिंग जरा जास्त वेळ थांबलं.

“कामाक बरो आसा, व्हर,” कोयता परत देत तो गिऱ्हाइकाला म्हणाला. ते गेल्यावर हळूच मला म्हणाला, “वयनी, टोक मऊ रवता. पाण्यात शेवटाक जाता, तवसर निवता.”

“तुझ्या ठिपक्याक काय कळता रे?” म्हणून मी तडक घरी आले. घरच्या कोयत्याच्या टोकाला कानस लावली, तर ती लोखंड आरामात खाऊ लागली; टोक मऊच होतं.

तेव्हापासून टोक आधी बुडवते. लोकांना सांगते, ही माझीच युक्ती. एकदा असं सांगताना तो मागेच उभा होता. मान डोलावून म्हणाला, “वयनीचो हातच तसो.”

ते मात्र मला अजून खुपतं.