लाल ओट्याचं पाणी

पंचफुलेच्या दारात नळ आला तेव्हा तिला एवढंच सांगितलं गेलं की पाणी धरणाचं आहे. ते कोणत्या वाटेने येतं हे तिने विचारलं नाही. फुलसावंगीच्या रस्त्यावरच्या त्या गावात कुणीच विचारलं नाही. तोटी फिरवली की पाणी पडतं, माणसाला तेवढं पुरतं.

पंचफुलेने बावीस वर्षं गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवली. सुरुवातीला पाणी शाळेमागच्या हापशीचं असायचं. सगळी वस्तीही तेच प्यायची. त्या पाण्यात डाळ कितीही उकळा, दाणा दाताखाली यायचाच. मग एकदा आरोग्य खात्याची माणसं बाटल्या भरून घेऊन गेली आणि महिन्याभराने येऊन हापशीच्या ओट्याला लाल रंग फासून गेली. पाण्यात फ्लोराइड आहे, पिऊ नका, लहान पोरांचे दात खराब होतात. तोवर तिच्या रवीचे दात तपकिरी होऊन बसले होते. रवी आज बत्तीस वर्षांचा आहे आणि अजून तोंडावर हात धरून हसतो. लग्नाच्या एका फोटोत त्याचा दात दिसेल तर शपथ.

त्यानंतर गावाने नाल्याकाठच्या विहिरीचं पाणी प्यायला धरलं. नळ आला तशी विहीर सुटली आणि पंचफुलेच्या घरचं वरण बिघडलं. सून दीपमाला कुकरच्या सात-सात शिट्ट्या काढायची, वर चिमूटभर सोडा, तरी ताटात डाळ एकीकडे आणि पाणी एकीकडे.

"तूर जुनी असन," दीपमाला म्हणाली.

"यंदाची हाय. मीच भरडली. तुले कुकर लावता येत नाही म्हणाव तर मले तरी कुठं येऊन राह्यलं?"

दुसऱ्या दिवशी पंचफुलेने विहिरीवरून पितळी गुंड भरून पाणी आणलं आणि तीच डाळ त्यात लावली. चार शिट्ट्यांत लोण्यासारखी झाली. मग तिने नळाच्या पाण्यातल्या डाळीचा दाणा बोटांत धरून दाबला. या दाण्याशी ती शाळेत वर्षानुवर्षं भांडली होती. आता डाळ न शिजणं हा पाण्याच्या जडपणाचा दोष आणि दातांचं दुखणं वेगळं, हे खरं. पण त्या हापशीत दोन्ही होतं.

ती सरळ उकंडाकडे गेली. उकंडा गावचा नळवाला, रोज सकाळी टाकीखालच्या चाव्या फिरवून पाणी सोडणारा.

"भाऊजी, टाकीत पाणी कुठून येते?"

"धरणातून."

"तुमी पाह्यलं?"

"मी टाकीच्या खालचं पाहतो, वहिनी. वरचं कंत्राटदार पाहते."

"म्हणजे तुमाले मालूम नाही."

"मालूम काहून नाही? टाकीच्या बोर्डावर लिहेल हाय ना."

पंचफुला बोर्ड वाचत बसली नाही. पाइप पुरलेल्या चराची माती अजून दबलेली होती, त्या खुणेने ती टाकीपासून धरणाच्या दिशेने चालत निघाली. अर्ध्या कोसावर चर संपला. पाइपाचं तोंड जमिनीबाहेर आलेलं आणि त्यात पोत्याचा बोळा. ती परत टाकीशी आली. तिथून दुसरा एक अरुंद चर निघाला होता. तो शाळेमागे गेला.

हापशी काढून त्याच भोकात मोटर सोडली होती. काळा पाइप वर येऊन जमिनीत शिरला होता. ओटा मात्र तसाच, लाल. शाळेतली पोरं धाकाने या ओट्यावर पाय ठेवत नसत आणि घरी जाऊन त्याच्याच पोटातलं पाणी ग्लासाने पीत.

उकंडा मागून आला. त्याने वाकून काळ्या पाइपाला हात लावून पाहिला.

"धरणावरचा पंप बसेपर्यंत तात्पुरतं केलं असन," तो म्हणाला.

"माही नात दीपा चार वर्षांची हाय, भाऊजी. तिचे पक्के दात आता हिरडीत बनून राह्यले. ते काही तात्पुरते नाहीत."

सरपंच पुढच्या महिन्यात पंप बसेल म्हणाले. हे त्यांनी मागच्या वर्षीही म्हटलं होतं. पंचफुलेने उकंडाकडून चाव्यांना लावायचा उरलेला लाल रंग मागून आणला आणि स्वतःच्या दारातला नळ रंगवला. नळ धुण्याभांड्याला, प्यायला विहीर. शेजारणी विचारायला आल्या, तिने त्यांना दोन्ही डाळी दाखवल्या. कुणी रंग मागून नेला, कुणी हसून गेली.

रवीला ते पटलं नाही. तो तोंडावर हात धरून हसला. "दारात नळ असून विहिरीवर कायले जातं, माय? लोक हासतीन ना."

"हासू दे. तू पहिले तोंडावरचा हात काढ."

रवीचा हात खाली आला.

पंप अजून बसलेला नाही. पण त्या बोलण्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी पंचफुला गुंड घ्यायला चुलीशी गेली तर दोन्ही गुंड जागेवर नव्हते. ती दारात आली. नाल्याच्या वाटेने रवी येत होता, एक गुंड खांद्यावर, एक हातात, आणि पुढे दीपा रिकामा तांब्या वाजवत चालली होती.