नागूबाईचा नवरा

बिदरकडच्या खटकचिंचोळीत काशाप्पाला ओळखत नाही असं घर नव्हतं. लग्नाला मंडप त्याचा, सप्त्याला माईक त्याचा. पण स्वतःला तो मंडपवाला समजत नसे. मिसरूड फुटल्यापासून जत्रेच्या नाटकात त्याचं काम ठरलेलं. नाटक मराठी असलं तर मराठीत, कानडी असलं तर कानडीत. बहुतेक वेळा दुष्ट सावकार, नाहीतर राक्षस. त्याच्या आवाजानं पुढच्या रांगेतली पोरं आयांच्या पदरात शिरत, आणि ती गोष्ट तो अजूनही सांगत असे. बाप मेंढरांमागं फिरला, आपण रंगमंचावर फिरलो, एवढं बोलून झालं की तो मिशीवरून हात फिरवायचा.

त्यामुळे कडगंचीच्या विद्यापीठात शिकलेला अमरदीप नावाचा तरुण सिनेमा काढायला गावात आला, तेव्हा चहाच्या टपरीवाल्यानं त्याला थेट काशाप्पाच्या घरी धाडलं.

अमरदीपकडे पैसा बेताचा होता. मित्रांनी जमवलेली रक्कम, उसना कॅमेरा आणि हाताखाली चार-सहा माणसं. नट-नट्या आणायची ऐपत नव्हती, आणि आणायच्या नव्हत्याही. त्याला याच भागातली, इथली बोली बोलणारी माणसं हवी होती. गोष्ट साधी होती. एका म्हाताऱ्या मेंढपाळाला अंथरूण धरावं लागतं, आणि त्याची बायको बाजारात जाऊन सगळी मेंढरं विकून येते. घरी येऊन हे नवऱ्याला सांगायचं, यावर सगळा सिनेमा उभा होता.

काशाप्पानं गोष्ट ऐकली आणि म्हातारा कोण होणार हे त्याच्या मनात तिथंच ठरून गेलं. अमरदीपनं तसं काही म्हटलं नव्हतं. पण काशाप्पा कामाला असा लागला की जणू घरचंच लग्न निघालंय. मंडळींना उतरायला मंगल कार्यालयाच्या दोन खोल्या मिळवल्या. पंचायतीकडून परवानगी आणली. तूर निघाल्यावर शेतं मोकळी होतात, तेव्हाच शूटिंग ठेवा, हा सल्ला त्याचाच. मेंढरं कुणाची, जनरेटर कुणाचा, स्वयंपाक कोण करणार, सगळं त्यानं लावून दिलं. अमरदीप त्याला अण्णा म्हणायचा आणि त्याला विचारल्याशिवाय पाऊल उचलत नसे.

मग पंचायतीच्या हॉलमध्ये एका दुपारी निवड सुरू झाली. गावातले बरेच जण आले, कॅमेऱ्यासमोर बोलले, काही लाजून पळाले. काशाप्पा शेवटी उठला. म्हातारीचं काम वाचून दाखवायला अंगणवाडीतल्या एक बाई येणार होत्या, त्या आल्या नाहीत.

"आमची ही हाय की," काशाप्पा म्हणाला. "नुसतं म्होरं बसायचंय."

त्याची बायको नागूबाई सगळ्यांसाठी चहाची किटली घेऊन आली होती. ती नको नको म्हणत होती. अमरदीपनं तिला प्रसंग समजावला आणि म्हणाला, "अक्का, पाठ काही करू नका. तुमच्या मनानं बोला."

काशाप्पा सतरंजीवर आडवा झाला आणि त्यानं तोंड उघडलं. "कुठं हायेत माझी लेकरं? कुठं हायेत माझी मेंढरं?" हॉलच्या खिडक्या हादरल्या. लोकांनी माना डोलावल्या.

"अण्णा, जरा कमी," अमरदीप म्हणाला.

काशाप्पानं आवाज कमी केला. अमरदीप पुन्हा म्हणाला, अजून कमी. त्यानं अजून कमी केला, आणि मग त्याच्यापाशी काही उरलंच नाही. शब्द तोंडातून येत होते, पण धान्य काढून घेतलेल्या पोत्यासारखे.

नागूबाई त्याच्या उशाशी बसली होती. तिनं पदरानं मान पुसली. बराच वेळ ती त्याच्याकडे बघेना. मग त्याच्या अंगावरचं पांघरूण नीट करत म्हणाली, "विकून आले." थोडं थांबली. "शिंगमोडी लई वरडली. मागं वळून बघितलं न्हाई मी. पाणी देऊ का?"

सासऱ्याची मेंढरं विकली गेली त्या वर्षी तीच त्यांच्यामागं रानात हिंडत होती, हे तिथल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. पण ती तेव्हा रडलेली कुणी पाहिली नव्हती आणि आत्ताही रडली नव्हती. अमरदीपनं कॅमेरा बंद केला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "अक्का, हे काम तुमचंच."

नवऱ्याच्या कामाला त्यानं दुसऱ्या दिवशी शरणप्पाला घेतलं. शरणप्पाची पिठाची गिरणी. दिवसभर गिरणीच्या आवाजात राहून त्याला कमी बोलायची सवय जडलेली. काशाप्पाला अमरदीपनं बाजारातल्या दलालाचं काम दिलं. "तिथं तुमच्याच आवाजाची गरज आहे अण्णा," तो म्हणाला. खोटं बोलत नव्हता. पण दलालाचा प्रसंग एकच होता.

"चालतंय की," काशाप्पा चारचौघांत हसून म्हणाला. "घरातच राहिलं न्हवं काम."

घरी मात्र तो हसेना. नागूबाई बदलली होती. भाकरी थापताना मधेच थांबून ती स्वतःशी काहीतरी पुटपुटायची आणि मान हलवून पुन्हा थापायला लागायची. एकदा तिनं विचारलं, "कॅमेऱ्याकडं बघायचं असतंय का न्हाई?"

"मला कामून इचारायलीस?" तो म्हणाला. "मी दलाल हाय. तुझ्या डायरेक्टरला इचार."

टपरीवर कुणीतरी गमतीनं त्याला "नागूबाईचा नवरा आला" म्हणालं, आणि दुसऱ्यानं विचारलं, "कुठला? हा का गिरणीवाला?" सगळे हसले. काशाप्पाही हसला. चहा अर्धा टाकून उठला.

त्या आठवड्यात माईकचा अॅम्प्लिफायर दुरुस्तीला टाकायचं निमित्त करून तो बिदरला गेला. तिथून मैलूरला, लेकीच्या घरी. मनीषाचे सासरे अंकुशराव माणूस सरळ, पण लोक काय म्हणतील या धाकात जन्म काढलेले. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न जमत आलं होतं. काशाप्पाला हे माहीत होतं. सगळं माहीत होतं.

चहाचा कप खाली ठेवत तो म्हणाला, "पाव्हणं, आमच्या घरात हिरोईन झाली आता."

"म्हंजे?"

"सिनेमा निघालाय गावात. मनीषाची माय बायको, गिरणीवाला शरणप्पा नवरा. एका खाटंवर बसायचं, पाय दाबायचे, असंच की." पाय दाबायचा प्रसंग गोष्टीत कुठंच नव्हता. "मी काय बोलू? आजकाल बायकांना कोण अडवतंय?"

अंकुशरावांचा चेहरा उतरला. मनीषा स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन उभी होती. तिनं बापाकडे पाहिलं आणि आत गेली.

अंकुशरावांचा फोन तिसऱ्या दिवशी नागूबाईला आला. ते रागावले नाहीत. उलट विनवणीच केली त्यांनी. "पोरीचं जमायलंय. समोरची मंडळी जुन्या वळणाची हायेत. एवढं एक आमच्यासाठी करा." लेकीचं सासर ते. नागूबाई काय बोलणार? तिनंच अमरदीपला बोलावून नाही म्हणून सांगितलं. अमरदीपनं परोपरीनं समजावलं, तेव्हा काशाप्पा शेजारी बसून म्हणाला, "माझी काय हरकत न्हवती. पण पाव्हण्यांचा प्रश्न आला."

अमरदीपनं आणखी काही बायका पाहिल्या. मग एक दिवस सामान गाडीत घातलं आणि आळंद तालुक्यात, कडगंचीच्या बाजूला ओळखीच्या गावात निघून गेला. तिथं त्याला कुणीतरी सापडली. शरणप्पा तेवढा त्याच्याबरोबर गेला.

गावानं या सगळ्याचा दोष नागूबाईला दिला. मंगल कार्यालयवाला, जनरेटरवाला, स्वयंपाकाच्या बाया, कॅमेऱ्यासमोर उभं राहायची आस धरून बसलेली पोरं, सगळे म्हणायला लागले की ऐनवेळी नखरे केले तिनं, गावचा सिनेमा घालवला. नळावर बायका तिला ऐकू जाईल असं बोलत. ती घागर भरून यायची. काशाप्पाच्या समोरही लोक बोलत, आणि तो जमिनीकडे बघत म्हणे, "जाऊ द्या. बाईमाणूस हाय."

नागपंचमीला मनीषा माहेरी आली. माय वाळल्यासारखी दिसली तेव्हा तिच्यानं राहवलं नाही. बाप मैलूरला येऊन काय बोलला ते तिनं शब्दाला शब्द सांगितलं. काशाप्पा ओसरीवर वायरींचं भेंडोळं सोडवत होता. आतला आवाज त्याला ऐकू येत होता. आता नागूबाई बाहेर येईल, ओरडेल, म्हणून तो थांबला. ती आली, त्याच्यापुढं जेवणाचं ताट ठेवलं आणि आत गेली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी लागेल तेवढंच बोलायची. मीठ, किराणा, लाईट बिल.

सिनेमा तयार झाला. बिदरमध्ये एका सभागृहात दाखवला तेव्हा अमरदीपनं फोन करून नागूबाईला बोलावलं. ती मनीषाबरोबर गेली. काशाप्पाही गेला, बोलावणं नसताना. अंकुशरावही सहकुटुंब आले होते. त्यांच्या मुलीचं लग्न होऊन गेलं होतं. पडद्यावर कुणी परकी बाई नवऱ्याच्या उशाशी बसली, तिनं हंबरडा फोडला, छाती पिटली. सभागृहात रुमाल निघाले. नागूबाई तशीच बघत राहिली.

बाहेर आल्यावर अंकुशराव म्हणाले, "चांगला होता की. यात वाईट वाटण्यासारखं काहीच न्हवतं." आणि काशाप्पाकडे पाहिलं. काशाप्पानं चपलेचा अंगठा नीट करायला मान खाली घातली.

परतीच्या बसमध्ये नवरा-बायको एका सीटवर होती. भालकी मागं पडली तेव्हा नागूबाईनं कितीतरी महिन्यांनी स्वतःहून तोंड उघडलं.

"एक इचारू? खरं सांगा."

फोनबद्दल, मैलूरबद्दल, सगळ्याला काय उत्तर द्यायचं हे त्यानं केव्हाच जुळवून ठेवलं होतं.

"त्या दिवशी हॉलात मी केलं, ते चांगलं झालं होतं का?"

सतरंजीवर आडवं पडून ऐकलेलं ते 'विकून आले' त्याला आठवलं. ऐकून त्याच्या अंगावर काटा आला होता आणि क्षणभर तो आपण नाटक करतोय हेच विसरला होता. जन्मभरात त्याला तसं कधी साधलं नव्हतं. एवढं सांगितलं असतं तरी पुष्कळ होतं.

"ठीक होतं," काशाप्पा म्हणाला. "सरावानं सुधारलं असतं."

नागूबाईनं मान हलवली आणि खिडकीकडे तोंड केलं. त्यानंतर तिनं त्याला कधी काही विचारलं नाही.