पाऊण किलो

"लुगडं झटक."

मुनीम खुर्चीवरून उठलाही नाही. मी काट्याच्या फळीवर उभी. समोर हमाल, मागे घरी निघालेल्या बायकांची रांग. मी झटकलं. कोंड्याचे दोन-चार कण पडले. तांदळाचा दाणा नाही.

"चोरलं नाही तं पाऊण किलो वाढली कशी वो?"

"दुपारी जेवली ना जी."

तो हसला. "तुमच्या लोकाइचं पोट कधी भरते काय? खाऊन खाऊन म्हैस होऊन राहिली."

हमाल हसले. रांगेतल्या दोघी-तिघीही हसल्या, ते जास्त लागलं.

तुमसरच्या एका राईस मिलमधली ही गोष्ट. आणीबाणी उठली ते साल. मी सोळा वर्षांची. तांदूळ पाखडणाऱ्या आम्हा बायकांना तिथे पोत्यांच्या काट्यावर तोलत. सकाळी आत येताना, संध्याकाळी बाहेर जाताना. डबा बाजूला ठेवायला लावत आणि वहीत नुसतं आमचं वजन लिहीत. संध्याकाळी पावकिलोपेक्षा जास्त भरली की ती चोर. दुपारी माणूस जेवतो, पाणी पितो, हे त्या वहीला मान्यच नव्हतं. म्हणून जुन्या बायका घरूनच खाऊन येत आणि दुपारी डबा उघडत नसत. माझ्या शेजारी सूप घेऊन बसणाऱ्या सखूमावशीनं मला हे सगळं झाल्यावर सांगितलं. आधी सांगायला काय झालं होतं तिला?

माझं नावच पडलं, पाऊण किलो.

मी दुपारचं जेवण सोडलं. मग पाणी सोडलं. मग तो काटा माझ्यासोबत घरी आला. माय भात वाढायची आणि डोक्यात मुनीम बोलायचा, हा घास किती भरंल? सुटीच्या दिवशीही बोलायचा. धुणं धुताना, विहारात वंदना म्हणताना, डोक्यात भात आणि वजन, दुसरं काही नाही. उपाशी राहिले की भात दिसायचा. खाल्लं की स्वतःची किळस यायची. हातांच्या काड्या झाल्या. पाळी थांबली. मायला भलताच संशय आला, तिनं मला बडवलं. मला माझ्याच पोटाची भीती वाटते, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

एका संध्याकाळी मी सकाळपेक्षा कमी भरले. मुनीम खूश.

"अशी पाहिजे बाई," तो रांगेला म्हणाला. "शिका इच्यापासून."

मला बरं वाटलं. लुगडं झटकण्यापेक्षा त्या बरं वाटण्याची मला आज जास्त लाज वाटते. पण फळीवरून उतरता उतरता अंगाचा तिळपापड झाला. मला उपाशी मारायचं काम त्यानं मलाच लावलं होतं, आणि मी ते मन लावून करत होते.

मायनं भरून दिलेला, बाजूला ठेवलेला डबा उचलला. काट्यासमोर मांडी घालून बसले. भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण, सकाळचं, गार. तिसऱ्या घासाला उमासा आला. गिळला. डबा पुसून खाल्ला, सखूमावशीच्या हातातला तांब्या घेऊन पाणी प्याले आणि परत फळीवर चढले.

"आता लिहा," मी म्हणाले. "आन् उद्या सेठले बी चढवा याच्यावर. जेवून चढते का उपाशी, पाहू आमी."

मुनीम आता उठला. "उद्यापासून येऊ नको."

"येईन. डबा घेऊन येईन."

काम गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मिलच्या फाटकासमोर बसून जेवले. तिसऱ्या दिवशीही. आतली एकही बाई माझ्याजवळ येऊन बसली नाही. सखूमावशीही नाही.

माझे केस पिकले. मुनीम कधीचाच मेला, पण डोक्यातला मेलेला नाही. ताट समोर आलं की अजून विचारतो, किती भरंल? मी त्याच्या देखत पहिला घास घेते. तो बोलत राहतो. मी ताट संपवल्याशिवाय उठत नाही, आणि उठणारही नाही.